करार जुलैत संपतो, बाळंतपण जूनमध्ये: रजा किती, पगार किती आणि नवऱ्याचं काय?

प्रश्न एका ताईंचा आहे. राहायला नागपुरात मानेवाडा, नोकरी मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका खासगी कंपनीत, वर्षभराच्या करारावर. करार १ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला आणि ३१ जुलै २०२६ ला संपतो. डॉक्टरांनी १० जून ही तारीख दिली आहे. पहिलंच बाळंतपण. पगार ३८,००० रुपये. नवरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात १९,८०० रुपयांवर, त्याच्या पगारातून ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, वर्गणी कापली जाते. कंपनीच्या एचआरने त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. एक, नव्या कामगार संहिता आल्यामुळे जुना मॅटर्निटीचा कायदा गेला आणि आता कंपनीची पॉलिसी चालते. दोन, रजा दिली तरी ती ३१ जुलैपर्यंतच, कारण नंतर करारच नाही. तीन, सगळ्यांच्या सोयीचं म्हणजे आत्ता राजीनामा द्या, जानेवारीत परत घेऊ. ताईंचं विचारणं असं की यातलं खरं किती, आणि नवऱ्याला काही रजा मिळते का.

मी नागपुरातच गेली वीसेक वर्षं कारखाने, दवाखाने आणि शाळांसाठी कामगार कायद्यांचं काम करतो. बहुतेक वेळा मालकाच्या बाजूला बसतो. एचआरचं बोलणं कुठून येतं ते त्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. ताई, तुमच्या एचआरच्या पहिल्या वाक्यातला अर्धा भाग खरा आहे. बाकी अडीच गोष्टी चुकीच्या आहेत. तुम्हाला २६ आठवडे मिळतात, ते ३१ जुलैला तुटत नाहीत, आणि राजीनामा तर अजिबात द्यायचा नाही.

आधी तो खरा अर्धा भाग. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता स्वतंत्र उभा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रसूती लाभाची कलमं सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सहाव्या प्रकरणात आली. पण तिथे जे लिहिलं आहे ते जवळपास जुनंच आहे. २६ आठवडे हा आकडा २०१७ च्या दुरुस्तीने आला होता, १ एप्रिल २०१७ पासून. त्याआधी १२ होते. संहितेच्या कलम ६० मध्ये तेच २६ आहेत, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाच्या तारखेआधी घेता येतात. पात्रतेची अटही तीच: अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम. तुम्ही ऑगस्टपासून मस्टरवर आहात, तेव्हा ती अट डिसेंबरच्या आसपासच पूर्ण झाली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला, आस्थापनेला हे प्रकरण लागू होतं. कारखाना, खाण, मळा असेल तर माणसांची संख्याही बघत नाहीत. कंपनीची पॉलिसी कायद्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही.

म्हणजे काहीच बदललं नाही का? बदललं आहे, आणि ते एचआरने सांगितलंच नाही. बहुधा त्यांच्याही लक्षात आलेलं नसावं.

बदल आठवड्यांत नसून पैशाच्या हिशेबात आहे. रजेच्या काळात मिळणारी रक्कम सरासरी दैनिक वेतनावर काढतात, आणि ही सरासरी रजेवर जाण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांची धरतात. इथपर्यंत सगळं जुनंच. पण ‘वेतन’ म्हणजे काय, हे दोन्ही कायद्यांत वेगळं लिहिलं आहे. १९६१ च्या कायद्यात रोखीचे भत्ते, महागाई भत्ता आणि घरभाडे भत्तासुद्धा, वेतनात धरले जात. नव्या संहितेत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, पीएफमधला मालकाचा वाटा वगैरे बाबी वेतनातून वगळल्या आहेत. मात्र वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जितकी जास्त होईल तितकी पुन्हा वेतनात मिळवायची.

तुमच्या ३८,००० चं पगारपत्रक कसं आहे ते तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून समजा असं आहे: मूळ पगार १५,०००, घरभाडे ८,०००, प्रवास भत्ता ३,००० आणि ‘विशेष भत्ता’ १२,०००. जुन्या हिशेबात पूर्ण ३८,००० धरले गेले असते. नव्या हिशेबात घरभाडे आणि प्रवास मिळून ११,००० बाजूला पडतात. विशेष भत्ता वगळण्याच्या यादीत नाही, म्हणून तो आत राहतो. उरले २७,०००. सहा महिन्यांत हा फरक ६६,००० रुपयांचा होतो. बाळंतपणाच्या खर्चाच्या काळात ही लहान रक्कम नाही. दुसऱ्या टोकाला, एखाद्या कंपनीने मूळ पगार फक्त १२,००० ठेवून घरभाडे १६,००० आणि प्रवास १०,००० असं लिहिलं असेल, तर वगळलेले होतात २६,०००. निम्मे म्हणजे १९,०००, तेव्हा वरचे ७,००० परत आत येतात आणि वेतन १९,००० धरलं जातं. त्याखाली ते जात नाही.

पगाराची अशी फोड करणाऱ्या कंपन्यांना चाप बसावा म्हणून ही पन्नास टक्क्यांची तरतूद आली, आणि पीएफ-ग्रॅच्युइटीत नोकरदाराला तिचा फायदाच होईल. प्रसूती लाभात मात्र तीच व्याख्या काही बायकांच्या हातात जुन्यापेक्षा कमी टेकवू शकते. यावर फारसं कोणी बोलत नाही, कारण जरा बऱ्यापैकी कंपन्या सरळ पूर्ण पगार चालू ठेवतात आणि हिशेबाचा प्रश्नच येत नाही. तुमचीही तशी असेल तर उत्तम. म्हणून एचआरला एक प्रश्न ईमेलवर विचारा: रजेच्या काळात नेहमीचा पूर्ण पगार मिळणार की संहितेच्या व्याख्येप्रमाणे? नेमणूक पत्रात किंवा पॉलिसीत ‘पूर्ण पगारी रजा’ असं लिहिलेलं असेल तर त्या पानाचा फोटो आजच काढून ठेवा. पॉलिसीची पानं बदलायला वेळ लागत नाही.

हिशेबात रविवार गाळू द्यायचे नाहीत, हेही लक्षात असू द्या. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. आठवडा सात दिवसांचा की सहा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात १९७७ साली बी. शहा खटल्यात मिटला आहे. सुटीचे रविवारही मोजायचे. तरी अजूनही दर एक-दोन वर्षांनी एखादा अकाउंटंट २६ ला सहाने गुणून १५६ दिवसांचं पत्रक माझ्यापुढे ठेवतोच.

आता कराराचा मुद्दा. यात एचआरचं म्हणणं वरवर पटण्यासारखं वाटतं: नोकरीच ३१ जुलैला संपते, मग ऑगस्टची रजा कशाची? अगदी हाच प्रश्न कविता यादव खटल्यात आला होता. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात त्या करारावर डॉक्टर होत्या. करार ११ जून २०१७ ला संपत होता आणि त्यांनी १ जूनपासून रजा मागितली. मिळाली अकरा दिवस. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सांगितलं की ८० दिवसांची अट पूर्ण झाली की पूर्ण लाभ द्यावा लागतो, तो कराराच्या मुदतीपलीकडे गेला तरीही. कारण कायदा स्वतःच असं म्हणतो की बाई कामावरून कमी झाली तरी लाभ बुडत नाही. निकाल १९६१ च्या कायद्यावर आहे, पण ज्या शब्दांवर तो उभा आहे ते शब्द संहितेत तसेच उतरले आहेत.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवा, नाहीतर पुढे निराशा पदरी येईल. या निकालाने पैसे मिळतात, कराराचं नूतनीकरण मिळत नाही. ३१ जुलैनंतर कंपनी करार वाढवेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. केवळ तुम्ही रजेवर आहात म्हणून वाढवला नाही, बरोबरच्या सगळ्यांचा वाढवला, असं दिसलं तर भांडायला जागा आहे. पण ते भांडण लांबतं. २६ आठवड्यांच्या पैशाचं भांडण लांबायचं कारण नाही.

आणि आता राजीनामा. या एका गोष्टीवर मी तुमचा जास्त वेळ घेणार आहे, कारण नागपुरात बायकांचा हक्क कायद्यामुळे जितका बुडत नाही तितका या गोड बोलण्याने बुडतो. रामदासपेठ-धंतोलीतले खासगी दवाखाने, कोचिंग क्लासेस, इंग्रजी शाळा, कुठेही जा. वाक्य तेच असतं. ‘ताई, तुम्ही आपल्या घरच्याच, आत्ता फॉर्मॅलिटी म्हणून राजीनामा द्या, लेकरू सहा महिन्यांचं झालं की या परत.’ बोलणारा माणूस कित्येकदा मनाने खरंच चांगला असतो. पण संहितेचं कलम ६८ काय म्हणतं ते बघा: प्रसूतीच्या रजेवर असताना बाईला काढून टाकणं बेकायदा, रजेच्या काळात तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करणंही बेकायदा, आणि गरोदरपणात काढलंच तरी लाभ बुडत नाही. हे सगळं संरक्षण मालकाने काढण्याला आहे. स्वतःच्या सहीने दिलेल्या राजीनाम्याला कलम ओळखत नाही. म्हणूनच राजीनामा मागतात, काढून टाकत नाहीत.

तुमच्या बाबतीत तर राजीनाम्याने आणखी एक नुकसान आहे. नव्या संहितेत मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही. वर्षभराची सेवा झाली की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. तुमचं वर्ष ३१ जुलैला भरतं आणि प्रसूती रजेचे दिवस सेवेतच धरले जातात. वरच्या २७,००० च्या हिशेबाने १५ दिवसांचं वेतन म्हणजे साधारण साडेपंधरा हजार रुपये. एप्रिलमध्ये राजीनामा दिला की तेही गेले. आणि जानेवारीत खरंच परत घेतलं, तरी ८० दिवसांची मोजणी नव्याने सुरू.

कोणी फारच आग्रह धरला तर वाद घालत बसू नका. ‘मी राजीनामा देत नाही, रजेचा अर्ज देते’ एवढंच म्हणा आणि त्याच दिवशी अर्ज पाठवा. तोंडी झालेलं बोलणं ईमेलमध्ये उतरवून काढा: ‘आज आपण मला राजीनाम्याबद्दल सुचवलंत, माझी तशी इच्छा नाही.’ शब्द सौम्य ठेवा, तारीख ठळक ठेवा. अशी एक ईमेल गेली की पुढच्या बैठकीत सूर बदललेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

रजेवर कधी जायचं? १० जूनच्या आठ आठवडे आधी म्हणजे १५ एप्रिल. त्याआधी ही रजा सुरू करता येत नाही. १५ एप्रिलला गेलात तर १८२ दिवस १३ ऑक्टोबरला भरतात आणि बाळ चार महिन्यांचं असताना कामाला परतायचं. १ जूनपासून गेलात तर २९ नोव्हेंबरपर्यंत रजा चालते, बाळ साडेपाच महिन्यांचं होतं. कागदावर दुसरा पर्याय छान दिसतो. पण आपल्याकडचा मे महिना आणि मानेवाडा ते मिहान रोजचं जाणं-येणं, तेही आठव्या-नवव्या महिन्यात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मधला मार्ग असा: साधारण दहा आठवडे आधीपासून तुम्ही लेखी विनंती केली तर जड, खूप वेळ उभं राहायचं किंवा गरोदरपणाला अपायकारक काम कंपनीला देता येत नाही, आणि त्यासाठी पगारही कापता येत नाही. साचलेल्या सुट्या असतील तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या वापरा आणि प्रसूती रजा १ जूनला सुरू करा. घरून काम देणं मात्र कंपनीच्या मर्जीवर आहे. कायदा फक्त म्हणतो की कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांनी ठरवून करता येईल. हक्क म्हणून मागता येत नाही, विनंती म्हणून जरूर मागा. आणि काही झालं तरी बाळंतपणानंतरचे सहा आठवडे कोणी कामाला बोलावू शकत नाही, तुम्ही स्वतः तयार असलात तरी.

अर्ज साधा लिहा. कायद्याचा हवाला देऊन पानंच्या पानं भरायची गरज नाही. नाव, कर्मचारी क्रमांक, डॉक्टरांनी दिलेली तारीख, रजेवर जाण्याची तारीख, या काळात दुसरीकडे काम करणार नाही हे वाक्य, आणि तुमच्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. प्रत्यक्ष दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ईमेल केला तर स्वतःच्या खासगी पत्त्यावर प्रत ठेवा. कंपनीचा मेलबॉक्स नोकरीसोबत बंद होतो, हे करारावरच्या माणसाने विसरू नये. कायद्याप्रमाणे बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. प्रत्यक्षात सगळे महिन्याच्या महिन्याला पगार टाकतात. वेळेवर येत असेल तर त्यावरून भांडू नका. तुमचा करार मध्ये संपतो म्हणून ३१ जुलैच्या ‘फुल अँड फायनल’ म्हणजे शेवटच्या हिशेबामध्ये पुढच्या आठवड्यांचे पैसे धरले आहेत का, तेवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, आणि त्याशिवाय ‘माझं काहीही येणं नाही’ या ओळीखाली सही करू नका.

पगार थेट कंपनीच्या नावाने येतो की मधल्या एखाद्या एजन्सीच्या, तेही बँकेच्या स्टेटमेंटवर तपासा. मिहान आणि हिंगण्यात कित्येक जणी कंपनीत बसतात पण त्यांचा मालक कागदावर पुण्याची एखादी एजन्सी असते. तसं असेल तर अर्ज दोघांनाही पाठवा.

आता नवऱ्याचं. इथे मी तुम्हाला गोड काही सांगू शकत नाही. खासगी नोकरीतल्या बापाला भारतात कायद्याने पितृत्व रजा नाही. जुन्या कायद्यात नव्हती, संहितेतही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, बाळंतपणाआधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही. म्हणजे तुमच्या शेजारी नीरीत (केंद्राच्या पर्यावरण संशोधन संस्थेत) किंवा रेल्वेत कोणी असेल तर त्याला रजा आहे, बुटीबोरीच्या पाळीत यंत्रावर उभ्या असलेल्या तुमच्या नवऱ्याला नाही. आपल्याच हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं: १५ दिवस, पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील अशी तरतूद, आणि त्यासाठी वेगळा निधी. ते तिथेच विरलं. मला ते विधेयक कायदा झालेलं हवं होतं, आणि केवळ बापाच्या सोयीसाठी नव्हे. रजा फक्त बाईलाच असते तोवर नोकरीच्या मुलाखतीत ‘लग्न झालंय का, मुलं आहेत का’ हे फक्त बाईलाच विचारलं जाणार. दोघांनाही रजा असेल तर त्या प्रश्नाला अर्थ राहत नाही.

मग त्याने करायचं काय? कारखान्यात युनियन असेल तर वेतन कराराची प्रत काढून बघावी. कित्येक करारांत दोन-पाच दिवसांची पितृत्व रजा एखाद्या कोपऱ्यात लिहिलेली असते आणि पोट्ट्यांना ती माहीतच नसते. नसेल तर हक्काची पगारी रजा, म्हणजे पीएल. इथे नव्या संहितांनी थोडा हातभार लावला आहे: वर्षात २४० दिवस भरल्यावर जी मिळायची ती आता १८० दिवस भरल्यावर मिळते, दर २० दिवसांना एक या प्रमाणात. जूनपर्यंत त्याने ती दिवाळी-लग्नसराईत उडवू नये आणि मार्च संपायच्या आत अर्ज टाकून ठेवावा. पहिल्या आठवड्यात सगळी रजा एकदम संपवण्यापेक्षा चार दिवस दवाखान्यासाठी आणि उरलेली तुमची आई किंवा सासूबाई परत गेल्यावर, असं वाटून घेतलं तर जास्त उपयोगी पडते. घरात बाया असतात तेव्हा बापाला काही काम उरत नाही, त्या गेल्या की दोन हातही कमी पडतात.

त्याच्या ईएसआयसीचा फायदा मात्र नक्की घ्या. प्रसूतीचा रोख लाभ विमाधारक बाईलाच मिळतो, आणि तुमचा पगार २१,००० च्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने तुम्ही त्यात येत नाही. म्हणूनच तुमचे पैसे कंपनीने द्यायचे. पण त्याची पत्नी म्हणून उपचार तुम्हाला आहेत, सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयासह. बाळंतपण कुठेही करा, कार्डावर तुमचं नाव आणि फोटो चढलेला आहे का ते आजच बघा. बाळाचं नावही जन्मानंतर लगेच चढवा.

इतर वाचणाऱ्यांसाठी चार गोष्टी भरभर सांगतो. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे आणि ईएसआयसी कापली जाते, त्यांना २६ आठवड्यांचे पैसे महामंडळ देतं, मालक नाही; त्यासाठी आधीच्या सलग दोन अंशदान काळांत (वर्गणीच्या सहामाह्यांत) मिळून ७० दिवसांचं अंशदान लागतं. म्हणून मालकाने अंशदान खरंच भरलं आहे का, ते ऑनलाइन तपासत राहा. कापलं आणि भरलं नाही, असे नमुने कमी नाहीत. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. दुःखात ती मागायची कोणाला सुचत नाही आणि एचआर आपणहून सांगत नाही, तेव्हा घरच्या कोणीतरी अर्ज द्यावा. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे मिळतात. तिसऱ्याला काहीच नाही हा समज चुकीचा आहे, आणि मे २०२५ मध्ये के. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसूती रजा हा प्रजननाच्या हक्काचाच भाग मानला आहे. मालक मोफत तपासण्या आणि उपचार देत नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो, तो क्वचितच कोणी मागतं.

दत्तकाबद्दल विचारणारे वाढले आहेत, म्हणून तेही. कायद्याच्या मजकुरात दत्तक आईला १२ आठवडे आहेत, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असावं अशी अट लिहिली आहे. बाळ सोपवणाऱ्या पालकांना फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात, मग बालकल्याण समितीची प्रक्रिया, मग जुळणी. बाळ घरी येईपर्यंत तीन महिने कधीच उलटलेले असतात. लिहिणाऱ्यांनी दत्तकाची प्रक्रिया कधी जवळून पाहिली नसावी. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी वकिलाकडून त्या दिवशीची स्थिती बघून घ्या.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचं सगळं वेगळ्या नियमांनी चालतं: १८० दिवस प्रसूती रजा, शिवाय जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने आलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा. केंद्राची बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे. ती राज्याला आपोआप लागू होत नाही, हे जिल्हा परिषदेतल्या शिक्षिकांना मला सारखं सांगावं लागतं. आणि इतवारी-सीताबर्डीतल्या पाच-सहा माणसांच्या दुकानात काम करणारी बाई या सगळ्याच्या बाहेर राहते. तिच्यासाठी पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००, इतकंच. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा, ती अर्ज भरून देते.

मालकाची बाजू मी रोज ऐकतो, तीही इथे मांडतो. हिंगण्याचा वीस माणसांचा उद्योजक म्हणतो, साहेब, सहा महिने घरी बसलेल्या बाईचा पगार मी देऊ, बदलीच्या माणसाचाही मीच देऊ, मग पुढच्या वेळी बाई घेऊच काहून? हे बोलणं मला आवडत नाही, पण ते खोटंही नाही. ईएसआयसीच्या वर पगार असलेल्या बाईचा सगळा भार एकट्या मालकावर टाकणं ही आपल्या कायद्यातली जुनी खोट आहे. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे तेव्हाच मान्य केलं होतं. पण म्हणून बाईच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकाची सुटका होत नाही, हेही बजावलं होतं. मुंबईचा कायदा १९२९ चा आणि लगेच पुढच्या वर्षी, १९३० मध्ये, आपल्या मध्य प्रांताने स्वतःचा कायदा केला. राजधानी तेव्हा नागपूर होती आणि एम्प्रेस मिल जोरात चालत होती. जवळपास शंभर वर्षं झाली, भार अजून तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करार सांगतो की असा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारू नये. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०१८ साली केंद्राने काही आठवड्यांचं वेतन मालकांना परत देण्याची योजना बोलून दाखवली होती, ती काही प्रत्यक्षात उतरली नाही. नव्या संहितेत हे दुरुस्त करायची उत्तम संधी होती, ती गेली.

तेच पाळणाघराचं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेगळ्या सुट्याही आहेत. संहितेने अनेक आस्थापनांना मिळून एक सामाईक पाळणाघर चालवायची किंवा महापालिकेचं, एखाद्या संस्थेचं वापरायची मोकळीक दिली आहे. बुटीबोरीत आणि मिहानमध्ये शेजारी शेजारी इतक्या कंपन्या आहेत की चार जणांनी मिळून एक चांगलं पाळणाघर उभं करणं सहज शक्य आहे. तुमच्या कंपनीत किती माणसं आहेत ते विचारा, आणि पन्नासच्या वर असतील तर परत येण्याच्या महिनाभर आधी हा प्रश्नही ईमेलवर टाका.

कंपनीने अर्ज नाकारला किंवा उत्तरच दिलं नाही, तर पंधरा दिवस थांबून एक स्मरणपत्र पाठवा आणि मग कामगार आयुक्तांच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. खासगी कंपनीसाठी राज्याचं कार्यालय. वेकोलि (सरकारी कोळसा कंपनी), रेल्वे, बँक अशा ठिकाणच्या बायकांनी केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जायचं. तिथले निरीक्षक आता ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ म्हणवले जातात, पण लाभ रोखला गेला असेल तर चौकशी करून तो द्यायचा आदेश काढण्याचा अधिकार त्यांना आहे. सोबत नेमणूक पत्र, कराराची प्रत, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पाठवलेल्या अर्जाची पोच एवढं असू द्या. वकील लगेच लागत नाही. बहुतेक प्रकरणं कार्यालयाची पहिली नोटीस गेल्यावरच मिटतात, कारण कंपनीचा सल्लागार, म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी, त्यांना त्या संध्याकाळी फोन करून सांगतो की हे पैसे द्यावेच लागतील.